रेट न पाडता वाढलेला स्टुडिओ : आमची वाटचाल

बेळगाव, शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर, तिकडं खानापूरपर्यंत लग्नाचे फोटो म्हटलं की जी चार-पाच नावं निघतात त्यात आमचं नाव असतंच, आणि ते नाव आम्ही कुणाचा रेट पाडून मिळवलेलं नाही हे आधीच लिहून ठेवतो. कारण गेल्या काही वर्षांत आमच्याबद्दल बरंच कायकाय पसरवलं गेलंय, त्याचं पुढं सांगतोच.

1996 ला शहापुरात एका छोट्या गाळ्यात सुरुवात झाली. हातात यशिका एफएक्स-3 सुपर 2000, व्हिव्हिटार 285 फ्लॅश आणि कोनिकाचे रोल. आजच्या पोरांना ती यशिका हातात दिली तर त्यांना ती खेळणं वाटेल, पण ते मशीन पूर्ण मेकॅनिकल होतं, सेल संपला तर मीटर बंद पडायचा पण शटर चालत राहायचं, लाइट गेलेल्या मांडवात सुद्धा मी अंदाजाने काढत राहिलोय आणि रोल धुवून आला की सगळे फोटो बरोबर. रोल 36 चा. मंगलाष्टका सुरू व्हायच्या आधी कॅमेऱ्यात कितीही फोटो शिल्लक असूदेत, नवा रोल घालायचाच, जुन्या रोलातले उरलेले नंतर पंगतीत वापरायचे, हा माझा नियम होता. अंतरपाट खाली आला आणि तुमचा रोल संपला तर परत कोण अंतरपाट धरणार? ही शिस्त रोलच्या जमान्यात अंगात भिनली ती आज दोन-दोन कार्डं घालताना पण उपयोगी पडते.

व्हिडिओ माझा मामेभाऊ करायचा, खांद्यावरचा पॅनासोनिकचा व्हीएचएस कॅमेरा आणि मागे हॅलोजन धरून उभा पोरगा. पुढं तो पुण्याला नोकरीला गेला, पण पहिली पाच-सहा वर्षं निम्मा धंदा त्याच्या खांद्यावर होता, हे मी कुठंही सांगतो. मग डिजिटल आलं, निकॉन डी90 घेतला, करिज्मा म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन करून छापलेले अल्बम आले, 12 बाय 36 इंचाची पानं, फोटोशॉपमध्ये मागे धबधबे आणि गुलाब टाकायची फॅशन आली आणि गेली. धंदा चांगला चालला. घर बांधलं, दोघं पोरं शिकवली. त्या वर्षांबद्दल एवढंच.

खरी कसोटी लागली 2020 ला. लोक म्हणतात लॉकडाऊनने सगळ्यांचंच वाटोळं झालं, त्यात तुमचं काय वेगळं. वेगळं असं की आमचं लॉकडाऊनच्या दोन-तीन महिने आधीच सुरू झालं होतं.

आमच्याकडे एक पोरगा होता. आला तेव्हा त्याला फ्लॅशला अंब्रेला लावता येत नव्हती. मी त्याला हात धरून शिकवलं, कुठल्या विधीला कुठं उभं राहायचं, भटजींच्या कुठल्या बाजूने गेलं की हात आडवा येत नाही, हळदीच्या पिवळ्यात व्हाइट बॅलन्स म्हणजे रंगांचा तोल कसा बिघडतो, सगळं. स्वतःच्या पैशांनी त्याला 50 एमएमची लेन्स घेऊन दिली. घरच्या पोरासारखा जेवायखायला होता, मला मामा म्हणायचा. सीझनच्या तोंडावर तो गेला, ठीक आहे, ज्याला त्याला आपलं पोट आहे, प्रत्येकाने कधीतरी स्वतःचं काढावंच. पण जाताना त्याने आमच्या ऑर्डर बुकातले नंबर नेले. एप्रिल-मे च्या ज्या घरांनी आम्हाला अ‍ॅडव्हान्स दिला होता त्या घरांना फोन गेले, "मामांचं आता बंद व्हायलंय, कॅमेरे विकायला काढलेत, तुमची ऑर्डर मीच करणार आहे, आणि ड्रोन फ्री देतो." रेट सांगितला आमच्या निम्मा. निम्म्या रेटात अल्बम, सिनेमासारखा व्हिडिओ, ड्रोन सगळं कसं बसतं हे ज्याने एकदा तरी लॅबचं बिल भरलंय त्याला विचारा. बसत नाही. दुसऱ्या वर्षी अल्बमची पानं सुटायला लागतात तेव्हा गिऱ्हाइकाला कळतं.

आणि त्याच्या इन्स्टाग्राम पेजवर बघतो तर काय, आम्ही काढलेले फोटो! वडगावच्या एका लग्नातला, अंतरपाटाच्या कडेवरून नवरीचे फक्त डोळे दिसतात तो फोटो, जो मी स्वतः स्टुलावर चढून काढलाय, त्याच्या नावाचा वॉटरमार्क टाकून पहिल्या ओळीत लावलेला. माझ्याकडे रॉ फाइल म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ फाइल आहे, तिच्यात तारीख, वेळ, कॅमेऱ्याचा नंबर सगळं आहे. त्याला फोन केला तर म्हणतो, "मामा, त्या लग्नात मी पण होतो की." होतास की बाबा, लाइट धरायला होतास.

मग मार्चच्या शेवटी सगळंच बंद. अक्षय तृतीयेच्या लग्नांची तयारी झालेली, सोनी ए7 III चे दोन कॅमेरे हप्त्यावर घेतलेले, बँकेचा हप्ता सुटला तरी व्याज चालूच. लोक अ‍ॅडव्हान्स परत मागायला लागले. ज्यांनी परत मागितला त्यांना आम्ही टप्प्याटप्प्याने परत दिला, कुणाचा एक रुपया बुडवला नाही. बायकोच्या पाटल्या बँकेत गेल्या. गाळ्याचं भाडं थकलं. आणि बाहेर चर्चा अशी की बघा, तो पोरगा बोलला ते खरंच झालं, यांचं बंद पडलं. ते ऐकून जेवण जायचं नाही.

या सगळ्यात वडगावच्या अक्का उभ्या राहिल्या. विणकराचं घर, खाली मागांचा खडखडाट आणि वर राहणं. त्यांच्या दोन मुलींची लग्नं आम्हीच केलेली, पहिलं रोलवर, दुसरं डिजिटलवर, आणि तो अंतरपाटाचा फोटो दुसरीचाच. मुलाचं लग्न मे मध्ये ठरलेलं, 50 माणसांची परवानगी, दारातच मांडव. मी म्हटलं अक्का, माणसं कमी आहेत, अल्बम छोटा करूया, तुमचे पैसे वाचतील. त्या म्हणाल्या, "माणसं कमी आली म्हणून पानं कमी करालास काय रे? जे आले नाहीत त्यांना काय दाखवू मग?" ठरलेले पूर्ण पैसे दिले. वर म्हणाल्या मुंबईच्या नणंदेला आणि दुबईच्या भाच्याला लग्न बघायचंय, काय करतोस ते कर. मग माझ्या थोरल्या पोराने लॅपटॉप, कॅप्चर कार्ड आणि मोबाइलचं नेट लावून यूट्यूबवर लाइव्ह लावलं. आमचं पहिलं लाइव्ह ते. अक्षता पडताना दुबईवाला तिकडून मोबाइलसमोर तांदूळ टाकालेला, ते दुसऱ्या व्हिडिओ कॉलवर इकडं दिसालेलं, अख्खा मांडव रडला. त्याच आठवड्यात त्या भागातून आणखी घरांचे फोन आले. लाइव्हने आम्हाला त्या वर्षी तारलं हे खरं, पण त्याची सुरुवात अक्कांच्या हट्टाने झाली.

त्या चोरलेल्या अंतरपाटाच्या फोटोचं पण त्यांच्यामुळेच मिटलं. मी वकिलांकडे गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं की 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 17 आहे, त्यात पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक फोटो काढून घेणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे फोटो अक्कांच्या घरचा. अक्कांनी स्वतः त्या पोराला फोन लावला, काय बोलल्या ते मी इथं लिहीत नाही, संध्याकाळपर्यंत तो फोटो निघाला. बाकीचे अजून आहेत. ज्या घरांचे आहेत त्यांना मी त्रास दिला नाही, पण ते फोटो कुणी काढलेत हे शहापुरात सगळ्यांना माहीत आहे.

आपल्या धंद्यातल्या सगळ्यांनी हे कलम एकदा वकिलाकडून समजून घ्या. करारात लिहून घ्या की फोटो पेजवर लावायची परवानगी आहे की नाही, कारण हल्ली पुष्कळ घरांना मुलीचे फोटो इंटरनेटवर नको असतात आणि त्यांचं बरोबर आहे.

त्यानंतर आम्ही धंदा करायची रीतच बदलली. पूर्वी एका मुहूर्ताला चार-चार लग्नं घ्यायची पद्धत होती, बाहेरून भाड्याने कॅमेरामन आणायचा, तो कसं काढेल देव जाणे, आणि नाव आपलं. ते बंद केलं. आता दोन टीम, दोन्ही आपल्या पगारी पोरांच्या, आणि एका तारखेला दोनच्या वर लग्न नाही म्हणजे नाही, आमदाराची चिठ्ठी आणली तरी नाही. एका टीममध्ये एक ट्रॅडिशनल म्हणजे उभं करून काढणारा, एक कँडिड म्हणजे नकळत टिपणारा, एक व्हिडिओ, एक गिंबलवर म्हणजे चालताना कॅमेरा न हलू देणाऱ्या दांड्यावर. सीझनचं उत्पन्न कमी होईल असं सगळे म्हणाले, झालं उलटंच, कारण घाईत केलेली लग्नं दुरुस्त करण्यात जो पावसाळा जायचा तो वाचला, आणि त्या दिवसांत डोहाळजेवण, बारसं घ्यायला लागलो. चातुर्मासात लग्नं नसतात, पण बारसं थांबत नाही.

दुसरं, पैसे. आधी अ‍ॅडव्हान्स थोडा, बाकी अल्बमवर असा व्यवहार होता, आणि अल्बमचं काय व्हायचं हे फोटोग्राफरला सांगायला नको. फोटो सिलेक्शनला दिले की नवरी सासरी, नवरा बेंगलोरला, सासूला वेळ नाही, दोन वर्षं पेनड्राइव्ह कपाटात आणि आपले पैसे पण कपाटात. आता 40 टक्के बुकिंगला, 50 टक्के अक्षतांच्या आदल्या दिवसापर्यंत, 10 अल्बम हातात देताना. सिलेक्शनला एक महिना, नाही आलं तर आम्ही निवडणार, तसं मराठीत आणि कन्नडमध्ये छापून सही घेतो. एकाही शहाण्या गिऱ्हाइकाने भांडण केलेलं नाही. उधारीवर धंदा वाढवू नका, वाढलेली उधारीच दिसते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जवळची, ती वही. लग्नाच्या आठवडाभर आधी आमचा माणूस घरी जातो आणि घरातल्या जाणत्या बाईजवळ बसून माणसं लिहून घेतो. आत्या कोण, मानाचा मामा कोण, कानपिळीला कोण बसणार, कोण कुणाशी बोलत नाही त्यामुळे शेजारी उभं करायचं नाही, कुठली आजी स्टेजवर चढू शकत नाही म्हणून तिचा फोटो खुर्चीपाशी जाऊन घ्यायचा. आत्याचा फोटो राहिला तर मागे काढलेले हजार कँडिड कुणी बघत नाही. कन्नड घरात गेलो की वहीत अरिशिण (हळद), धारे (कन्यादान), आरतक्षते (रिसेप्शन) असं लिहितो, आणि टीममधला एक पोरगा कन्नड बोलणारा ठेवलाय, कारण आपल्या भागात नवरा मराठी नवरी कन्नड अशी लग्नं आता नेहमीची आहेत आणि दोन्हीकडच्या आज्यांना आपल्या भाषेत "इकडं बघा" म्हटलं की चेहरा खुलतो. लिंगायत आणि जैन घरांतली कामं आम्हाला या वहीमुळेच मिळाली, जाहिरातीमुळे नाही.

मशीनचं थोडं सांगतो, पोरं विचारतात म्हणून. डी90 ला एकच कार्ड होतं, ते खराब झालं तर लग्न गेलं. आता दोन स्लॉट नसलेला कॅमेरा आम्ही लग्नाला नेतच नाही, दोन्ही कार्डांत रॉ, आणि रात्री घरी पोचल्याशिवाय एकही कार्ड फॉरमॅट करायचं नाही. ए7 III ला एकच स्लॉट फास्ट कार्डाचा आहे, दुसरा हळू, तेवढं लक्षात ठेवून बर्स्ट म्हणजे सलग भराभर फोटो मारा. स्टेजवर एलईडी वॉल असली की सायलेंट शटर (आवाज न करणारं) बंद ठेवा, फोटोत पट्टे येतात, आणि शटर स्पीड 1/50 किंवा 1/100 सेकंदावर ठेवा, आपली लाइट 50 हर्ट्झची आहे. ड्रोनचं तर बेळगावात फार सांभाळा. सांबऱ्याला विमानतळ आणि एअरफोर्स, कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्री, 2021 च्या ड्रोन नियमांनंतर डिजिटल स्काय या सरकारी वेबसाइटचा नकाशा बघितल्याशिवाय ड्रोन बॅगेतून काढू नका. फ्री ड्रोन देणाऱ्यांना हे कोण सांगणार. आणि जीएसटी, वर्षाचं काम 20 लाखांच्या वर गेलं की नंबर घ्यावा लागतो, 18 टक्के लागतो, ते रेटमध्ये आधीच धरा.

अल्बम अजून कोल्हापूरच्याच लॅबला करतो, पानाचा काळा रंग तिथं जसा उतरतो तसा मला दुसरीकडं मिळालेला नाही. फक्त सीमेवर कायतरी झालं की दोन्हीकडच्या बस थांबतात आणि पार्सल अडकतं, मग पोराला गाडी घेऊन पाठवायचं. तेवढा खर्च आम्ही सोसतो, गिऱ्हाइकाला लावत नाही.

बँकेचे हप्ते संपले, पाटल्या परत घरी आल्या. आता निपाणीत एक छोटं ऑफिस बघायलोय, तिकडची लग्नं कोल्हापूरवाले घेऊन जातात आणि आमच्याकडं चौकशा येतात पण इथून जाऊन-येऊन परवडत नाही. जागेचं बोलणं चालू आहे, तुळशीच्या लग्नाआधी ठरलं तर याच सीझनला उघडायचं. तिथं पोरगा निपाणीचाच घेणार, आणि कॅमेरा हातात द्यायच्या आधी त्याच्याकडून एक सीझनभर वही लिहून घेणार.