पंचगंगेच्या घाटापासून वाफ्यापर्यंत

कोल्हापूरला आलेला प्रवासी अंबाबाईचे दर्शन घेतो, रंकाळ्यावर फिरतो, तांबडा-पांढरा रस्सा भुरकतो आणि परततो. या खेपेस मी मात्र दांड्याच्या टोकाला असलेल्या पसरट पात्याचा, म्हणजे धोपाटणे, थापी, वल्हे आणि फावडे यांचा, माग काढत हिंडलो, कारण पाणी, माती आणि उसाचा रस या तिन्हींना वळण लावणाऱ्या या साधनाकडे सहसा कोणी थांबून पाहत नाही.

पंचगंगेच्या घाटावर सकाळी धुणे चालू होते. धोपाटण्याचा दांडा आखूड आणि पाते जाड असते, त्यामुळे घाव सपाट बसतो आणि मळ पाण्यासकट पिळून निघतो. कुंभाराची थापी त्याहून हलकी असते, कारण तिला ओले मडके न फोडता पातळ करायचे असते.

वल्ह्यांचे महत्त्व इथे पुरात कळते. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी 39 फुटांवर गेले की इशारा दिला जातो, 43 फुटांवर धोक्याची पातळी येते. बुडालेल्या गल्लीत मोटारबोटीचा पंखा तारा-कुंपणांत अडकू शकतो, तिथे हाताची वल्हीच उपयोगी पडतात. बोटीच्या काठावर टेकवलेले लांब वल्हे तरफेसारखे चालते आणि ते मारणारा माणूस जायच्या दिशेकडे पाठ करून बसतो. नुसते हातात धरलेले आखूड वल्हे मारणाऱ्याला मात्र समोरचे दिसते, म्हणून अरुंद वाटेत तेच बरे.

माझा सर्वाधिक वेळ गेला तो करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर. चुलवाणात चिपाडे जळत होती, भेंडीच्या चिकट पाण्याने वर आलेली मळी काढून झाली होती. पाक साधारण 118 अंशांवर पोचला, गुळव्याने, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिराने, थेंब थंड पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांनी दाबून पाहिली आणि काहील, म्हणजे रस उकळण्याची मोठी पसरट कढई, वाफ्यात, म्हणजे पाक निववण्याच्या उथळ हौदात, रिकामी झाली. मग दोघे जण लांब दांड्याची लाकडी फावडी घेऊन पाक तळापासून उचलून उलटवू लागले. फावड्याची पुढची कड झिजून गोलसर झाली होती. या ढवळण्याने पाकात हवा मिसळते, तो सारखा निवतो आणि कण धरतो. हात मंदावला तर कडेचा गूळ आधी आळतो आणि मधला पातळच राहतो. गडद तपकिरी पाक पाहता पाहता सोनेरी झाला, तेव्हाच तो साच्यात भरला गेला.

कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते योग्यच झाले. पण त्या गुळाचा कण या फावड्यांवर घडतो, हेही सांगितले गेले पाहिजे. दिवाळीनंतर कोल्हापूरला जाणाऱ्यांनी गुऱ्हाळ जरूर पाहावे आणि काहिलीपेक्षा वाफ्याजवळ अधिक वेळ उभे राहावे.