साडेतीन फुटांवरचा वर्ग

शुक्रवार, १३ जून

सोमवारी शाळा उघडणार. आज ऐरोलीला जाऊन वर्ग लावून आले. नौपाड्यातून निघताना पिशवीत सुतळी, खिळे, हातोडी, कपड्यांचे चार डझन चिमटे आणि घरातली जुनी सतरंजी घेतली होती.

यंदा दुसरी मिळाली, पट ३४. शिपाईकाकांनी खोली झाडून ठेवली होती. दारात उभं राहून पाहिलं तर सगळं जागच्या जागी होतं: फळा, तक्ते, कोपऱ्यातलं कपाट. मग गुडघे टेकून बसले. दुसरीतलं मूल उभं असतं तेव्हा त्याचे डोळे जमिनीपासून जेमतेम साडेतीन फुटांवर असतात. तिथून मला काय दिसलं? बाकांच्या कडा, कपाटाचं कुलूप आणि ऑइलपेंटचा तपकिरी पट्टा. बाराखडीचा तक्ता पार ट्यूबलाइटच्या शेजारी. वर्षानुवर्षं आपण याला बोलक्या भिंती म्हणतो. पण त्या बोलतात मोठ्यांच्या डोक्यांवरून, मोठ्यांच्याच आवाजात.

डी.एड.ला असताना आम्हाला कोसबाडला नेलं होतं, ते आठवलं. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि अनुताई वाघांनी नेटानं चालवलं. तेव्हा तो सगळा भाग ठाणे जिल्ह्यातच होता. पालघर वेगळा झाला तो २०१४ मध्ये. तिथं पाहिलेली एक गोष्ट मनातून गेली नाही. मुलांची प्रत्येक वस्तू मुलाच्या हाताला लागेल अशीच ठेवलेली. पानं, बिया, शिंपले, खडे, सगळं खालच्या फळीवर. मूल जातं, उचलतं, काम झालं की जागेवर ठेवतं. कुणाला विचारावं लागत नाही. मी वहीत टिपून घेतलं होतं आणि मग इतकी वर्षं तक्ते वरच लावत राहिले.

आज ते उतरवले. अकरा होते, चार ठेवले, तेही खाली. खिडक्यांच्या समोरच्या भिंतीवर पुस्तकं टांगायला तीन सुतळ्या ताणल्या, खाली सतरंजी अंथरली. सेलोटेप इथं टिकत नाही. खाडी जवळ असल्यामुळे पावसात भिंतीला ओल धरते आणि जुलैत कागद गळून पडतात. चिमट्याला लावलेलं पुस्तक भिंतीपासून सुटं राहतं आणि त्याचं मुखपृष्ठ दिसतं, हे तर फारच महत्त्वाचं. ज्याला अजून वाचता येत नाही त्या मुलाला पुस्तकाचा कणा दाखवून काय उपयोग? त्याला वाघ दिसला पाहिजे, होडी दिसली पाहिजे, तरच हात पुढे होईल.

कपाटातली पुस्तकं बाहेर काढताना शेजारच्या वर्गाच्या बाई आल्या. त्यांची काळजी खरी होती. “फाटली तर? रजिस्टरात नोंद आहे, उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.” मी मुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, सर, गेली कित्येक वर्षं एकही पुस्तक फाटलेलं नाही, कारण एकही उघडलेलं नाही. सरांनी थोडा विचार केला, मग म्हणाले, “शेऱ्याच्या रकान्यात लिहा, वाचून जीर्ण.” हे दोन शब्द मला किती बळ देऊन गेले!

सोमवार, १६ जून

पहिला दिवस. पाऊस, रडारड, गुलाबाची फुलं. लिहायला त्राण नाही. मधल्या सुट्टीनंतर सतरंजीवर नऊ जण होते, एवढं मात्र लिहून ठेवते.

शुक्रवार, २० जून

आठवडाभर पायांकडे बघतेय. आमचे बाक मोठ्या मुलांचे आहेत. माझी निम्मी मुलं बसली की पाय लोंबकळतात. ज्यांचे पाय लोंबकळतात तीच लिहिताना जास्त चुळबुळ करतात, हनुवटी वहीला टेकवतात, पेन्सिल मुठीत आवळतात. इतकी वर्षं याला मी ‘लक्ष नाही’ म्हणत आले. पायाखाली टेकू नसला तर सगळं अंग सावरण्यातच जातं, हाताला स्थिरपणा कुठून येणार? काकांनी मोडक्या बाकांच्या फळ्या शोधून दिल्या. त्या विटांवर ठेवल्या. एकाचं अक्षर आज दुरेघीत बसलं. तो स्वतःच पुन्हा पुन्हा पान उलटून बघत होता.

बाकही फिरवले, उजेड डावीकडून यावा म्हणून. लिहिणाऱ्या हाताची सावली अक्षरावर पडत नाही. वर्गात तिघं डावखुरे आहेत, त्यांना उलट बाजूला बसवलं.

बुधवार, २ जुलै

फळ्याच्या खाली, तपकिरी पट्ट्यावर काकांनी काळा रंग मारून दिलाय. तो मुलांचा फळा. रोज सकाळी ज्याला सांगायचंय त्याने आपली बातमी तिथं लिहायची. न येणाऱ्या अक्षराच्या जागी चित्र चालतं.

आज दिवा कोळीवाड्यातल्या एका मुलाने लिहिलं:

माज्या बापासनी चिंबोऱ्या आनल्या. एक पलाली.

वर्ग खदखदून हसला, पळालेल्या चिंबोरीला. जालन्याहून आलेल्या मुलीने चिंबोरी म्हणजे काय ते विचारलं. त्याने खडूने काढून दाखवली, नांग्यांसकट. ती म्हणाली, आमच्याकडं खेकडा म्हणतात. त्याने शेजारी खेकडा लिहिलं, तिने सांगितलं तसं, एकेक अक्षर करत. मी फक्त उभी होते.

डस्टर माझ्या हातात होतं. ‘पलाली’ वर हात गेलाही असता. ण आणि ळ त्याला शिकवायचेच आहेत, ते माझं कामच आहे, आणि ते मी वहीत शिकवीन. पण त्या फळ्यावर नाही. ज्या घरात बापाला बापूस म्हणतात तिथून आलेल्या मुलाचं पहिलं स्वतःचं वाक्य पुसायला मला जमणार नाही. त्याच्या घरचे शब्द वर्गात आले, तरच पुस्तकातले शब्द तो घरी नेईल असं मला मनापासून वाटतं. मी ती दोन वाक्यं कार्डशीटवर जशीच्या तशी उतरवली आणि सुतळीला लावली. दुपारी चार-पाच मुलं त्यावर बोट ठेवून वाचत होती. ‘चिं’ वरचा अनुस्वार, ‘ऱ्या’ मधला तो वाकडा र, जो शिकवताना दरवर्षी माझा घाम निघतो, तो चिंबोरीमुळे आज बऱ्याच जणांना कळला.

निपुण भारत मोहीम सुरू झाली ती ५ जुलै २०२१ ला. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, हे तिचं ध्येय, मुदत २०२६-२७. माझी ही ३४ मुलं तिसरी संपवतील ती नेमकी त्याच वर्षी. रोज लोकलमध्ये हा हिशेब डोक्यात असतो. दोन वर्षं पुष्कळ वाटतात, पण पाऊस, आजारपण, गावी जाणं, मध्येच शाळा सोडणं वजा केलं की फार थोडे दिवस उरतात.

वर्गात सगळ्यात बुटकी असलेली मुलगी अजून तिसऱ्या सुतळीवरच्या पुस्तकासाठी उड्या मारते. होडीचं पुस्तक तिला हवं असतं. मी काढून देत होते, ती घेत होती, दोघींनाही सवय होत चालली होती. उद्या लवकरची गाडी पकडायची. खिळे काढून ती सुतळी एक वीत खाली घ्यायची आहे.