तुम्ही विचारलंत म्हणून: आठवीच्या समीकरणात पीएचडी कामून?

लग्नात, स्टाफरूममध्ये, लातूरच्या गंजगोलाईत कुणी भेटलं तरी हाच प्रश्न. आजवर हसून टाळला. आता एकदाच लिहितो. माझा विषय: साधी समीकरणं, पण उत्तरं पूर्ण संख्यांतच हवीत, आणि त्यातली 'किमान' उत्तरं, ज्यांच्या बेरजेतून बाकी सगळी निघतात.

एका कॉलेजातली मुलाखत. विषयतज्ज्ञ म्हणाले, "उदाहरण द्या." मी फळ्यावर नाणी मांडली. एकची आणि दोनची द्यायची, बदल्यात पाचची घ्यायची, हिशेब चोख. ज्या व्यवहाराचे दोन लहान चोख व्यवहार पडत नाहीत, तो किमान. असे चारच निघतात: पाच एकची, तीन एकची नि एक दोनचं, एक एकचं नि दोन दोनची, आणि नुसती पाच दोनची. पहिल्या तिघांना पाचचं एक नाणं मिळतं, शेवटच्याला दोन. बाकी कितीही मोठा व्यवहार घ्या, यांच्याच बेरजेतून होतो.

सर म्हणाले, "चार कशाला? पहिला नि शेवटचा पुरे. शंकूच्या कडा त्याच दोन."

शंकूपुरतं, म्हणजे अपूर्णांकी पटी चालत असतील तर, खरं होतं. पण त्या कडांतून दुसरा व्यवहार काढायचा तर पहिल्याचे तीन पंचमांश आणि शेवटच्याचा एक पंचमांश लागतो.

"मग घ्या की."

"सर, नाणं तोडता येत नाही."

सगळे हसले. मला पुढचं दाखवायचं होतं: एकची नाणी आडव्या अक्षावर, दोनची उभ्या अक्षावर घेतली की (5,0), (3,1), (1,2) एका सरळ रेषेत येतात आणि तिथून (0,5) कडे जाताना रेषा मोडते. शून्य सोडून सगळ्या चोख बिंदूंना दोरीने वेढलं, तर शून्याकडच्या बाजूला दोरी नेमकी या चौघांवरून जाते. खडू हातात होता. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, "विद्यार्थ्यांना याचा उपयोग?" मी गप्प. "या तुम्ही."

अजून तासिका तत्त्वावरच शिकवतो.

उपयोग आहे हो. 1994 मध्ये कोंतेजाँ आणि देवी या दोन संशोधकांनी अनेक समीकरणांची सगळी किमान उत्तरं शोधायची रीत दिली: शून्यापासून एकेक वाढवत जायचं, पण समीकरणांच्या दोन बाजूंतली उरलेली तफावत शून्याच्या दिशेला वळत असेल तरच. संगणकाकडून सिद्धता करून घेताना अशी उत्तरं लागतात. तेव्हा हे तोंडातून निघालं असतं तर? पण खरं सांगू, मी त्यासाठी या विषयात आलोच नव्हतो. पंचविशीतला मी म्हणायचा, गणिताला उपयोग विचारूच नये. घरभाडं तेव्हा वडील भरायचे. तरी त्याला खोटं ठरवायला जीभ रेटत नाही.

किमान उत्तरांची यादी नेहमी संपते, हे जर्मन गणिती गॉर्डानच्या काळापासून, 1873 पासून माहीत आहे. पण जेवढ्या मिती (उत्तरांच्या स्वतंत्र दिशा) तेवढीच किमान उत्तरं हवी तितक्यांदा घेऊन प्रत्येक उत्तर बसतं का? वाटायचं, बसत असावं. 1999 मध्ये ब्रुन्स, गुबेलाद्झे आणि सहकाऱ्यांनी सहा मितींत न बसणारं उदाहरण काढलं.

आणि पाचऐवजी दहाचं नाणं घेतलं तर? किमान व्यवहार सहा, सगळे एकाच रेषेत, मोड कुठेच नाही. आठवीच्या पोराला मांडता येईल, हे मात्र कबूल.