साडेचारशे मीटर उंचीवरची भरती

कूलरचा पंप बंद पडला म्हणून पेचकस शोधत होतो. माळ्यावरच्या डब्यात हात घातला तर बोटाला काहीतरी टोचलं. नॅपकिनात गुंडाळलेली गरी, मासे धरायचा गळ. सोलापूरचा मे महिना, दुपारचे अडीच, घामाने डोळे चुरचुरतायत, आणि बोटाच्या टोकाला एकदम समुद्र लागला. पंप राहिला बाजूला. आतून आवाज आला, "सापडलं का?" मी "हो" म्हणालो. ते काही खोटं नव्हतं.

नॅपकिनाला अजून कोळंबीचा वास आहे. बायकोच्या मते ती वस्तू घरात ठेवण्याच्या लायकीची नाही. माझ्या मते सोलापुरी टेरीच्या कापडाचा याहून चांगला उपयोग कुणी शोधलेला नाही. शिंगाळा मासा गरीला लागला की पाठीवरचा एक आणि दोन्ही कल्ल्यांमागचे दोन असे तीन काटे ताठ उभे करतो, आणि त्यातला एक जरी हातात गेला तरी माणसाला दिवसभर दुसरं काही सुचत नाही. अशा वेळी हातात जाड, पाणी पिणारं कापड हवं. निर्यातीच्या प्रतीचं असलं तर उत्तम. परदेशात हा माल लोक अंघोळीनंतर अंग पुसायला वापरतात म्हणे.

सोलापूरच्या माणसाने समुद्रावर गरी टाकायला जाणं हा आमच्या कट्ट्यावर चेष्टेचा विषय आहे. "काय बे, उजनीची चिलापी दारात येती की. साडेतीनशे किलोमीटर कशाला मरायला जातो?" मासा खायचा असेल तर बाजारात जावं, एवढं मलाही कळतं. पण ज्याला पाण्याकडे बघत नुसतं बसता येत नाही आणि हातात काहीतरी असलं की तासन्‌तास बसता येतं, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. ज्याला सांगावं लागतं त्याला ते पटत नाही. शिवाय रस्ता सरळ आहे. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, मग आंबा घाट. घाट उतरला की शर्ट अंगाला चिकटायला लागतो आणि माझा मूड सुधारतो.

लहानपणी समुद्र म्हणजे मंगळवार बाजारातला एक कोपरा. सुकट, बोंबील, वाकट्या, पोत्यांवर मांडलेले ढीग. आजी नाकाला पदर लावून भाव करायची आणि घ्यायची मात्र दरवेळी. एवढा वास मारणारं पाणी केवढं असेल, याचा मी बरीच वर्षं विचार करत होतो.

गळ मात्र आमच्याकडे होता. शेजारचे अण्णा मागावर कामाला होते. घरात तेलुगू, आमच्याशी मराठी आणि मासे धरताना मौन. सुट्टीच्या दिवशी सायकलच्या दांडीवर मला बसवून हिप्परग्याच्या तलावावर न्यायचे. हा तलाव 1871 सालचा, इंग्रजांच्या काळात आदिला नदी अडवून केलेला. सरकारी कागदावर त्याचं नाव एकरुख, पण अण्णांना कागदाशी काम नव्हतं. त्यांची तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, मागावरच्या जुन्या लाकडी कांडीवर गुंडाळलेली असायची. कणीक मळताना तिच्यात ते चिमूटभर कापूस घालायचे. कापसाच्या तंतूंनी गोळी धरून राहते, पाण्यात विरघळत नाही आणि छोटे मासे टोच्या मारून ती पळवू शकत नाहीत. तरंगायला ज्वारीच्या वाळलेल्या ताटाचा बोटभर तुकडा. म्हणजे सगळं सामान सोलापूरचंच. मासा तेवढा तलावाचा.

ताटाचा तुकडा एकदा बुडला की मी अण्णांकडे बघायचो. अण्णा हलायचे नाहीत. दुसऱ्यांदा बुडाला, तरी नाही. मग तो तुकडा तिरका होऊन एका बाजूला सरकायला लागला की मनगट हलायचं, तेही इतकं थोडं, की ओढलं कधी ते दिसायचं नाही आणि मासा मात्र काठावर उडत असायचा. मागावर तुटलेला धागा सांधणारी बोटं होती ती. विणकराची गाठ ते डोळे मिटून मारायचे. ती गाठ मला त्यांनी शिकवली. सुतात ती कधीच सुटत नाही. गुळगुळीत तंगुशीत मात्र ताण आला की हळूहळू सरकते, म्हणून तिथे वेगळी गाठ. "हे सूत नव्हं," एवढंच म्हणायचे. त्यांच्या मानाने ते भाषणच.

अण्णांनी समुद्र कधी पाहिला नाही. मी पहिल्यांदा रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या बाजूला खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकावर, उभा राहिलो तेव्हा त्यांची फार आठवण झाली, कारण शिकवलेलं निम्मं तिथे चालेना. तरंगणारा तुकडा लाटेबरोबर वरखाली नाचत होता, मासा असो नसो. शेजारी एक म्हातारेबुवा रिकाम्या बाटलीला गुंडाळलेली दोरी घेऊन बसले होते. ना काठी, ना रीळ. दोरीच्या टोकाला शिशाऐवजी स्कूटरचा जुना स्पार्क प्लग. तो त्यांनी डोक्यावर दोनदा फिरवला आणि सोडला, तर माझ्या नव्या फायबर रॉडच्या दुप्पट लांब गेला.

"कुठून आलाव?"

"सोलापूर."

"चादरीचं सोलापूर?" त्यांनी माझ्या रॉडकडे बघितलं. "मग चादर तरी आणायची. बसायला."

त्यांच्याकडून दोन गोष्टी घेतल्या. एक, वजन बांधायचा दोरा मुद्दाम कच्चा ठेवायचा. खडपाच्या कपारीत अडकलं तर वजन तुटून जातं, पण तंगूस आणि गरी हाती राहते. दुसरी गोष्ट बोटाची. दोरी पहिल्या बोटावरून घ्यायची आणि समुद्राकडे बघायचंसुद्धा नाही. लाट दोरी ओढते ती सावकाश, आख्खी. केंड मासा कुरतडतो, त्याचे दात असे की आमिष तर जातंच, कधी गरीसकट दोरीही जाते, आणि वर आलाच तर पोट फुगवून आपल्याकडे बघतो, न खाण्याजोगा. शिंगाळा जड ओढतो आणि मान हलवतो. तांबोशीला चौकशीची सवय नाही. ती घेते आणि थेट खडपाखाली जाते, तिथेच मामला संपतो किंवा सुरू होतो. तळ्यात मासा डोळ्यांनी धरतात, इथे कातडीने. अण्णांना हे फार आवडलं असतं, बोलायचं नाही आणि बघायचंही नाही.

रत्नागिरीतल्या भाट्याच्या वाळूवर मुडदुश्या मिळतात तो निराळा प्रकार. त्यात कष्ट कमी आणि खाणं जास्त. वाळूवर मासे धरणारे लोक आनंदी असतात, खडपावरचे थोडे विक्षिप्त. मी कुठला ते सांगायला नको.

खडपावर कधी जायचं हे भरती ठरवते. पाणी चढायला लागलं की उघडी पडलेली कालवं, कुर्ल्या, कपारी पुन्हा पाण्याखाली जातात आणि मासा चरायला आत येतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सुस्त. वेळ काढायचा हिशेब किनाऱ्यावरच्या लोकांना तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. दिवसातून दोनदा, साधारण साडेबारा तासांच्या अंतराने. गावागावाप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, पण खिशात धरून चालायला हा हिशेब पुरतो.

आता गंमत बघा. ही तिथी बघायची कुठे? अर्ध्या महाराष्ट्रात भिंतीवर किंवा देवघरात दाते पंचांग असतं, आणि ते निघतं आमच्या सोलापुरातून, शंभरहून जास्त वर्षं. जिथे नळाला पाणी कधी येईल हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, त्या गावातून समुद्राला पाणी कधी येईल याचा आकडा कोकणात जातो. मी हे रत्नागिरीच्या त्या म्हाताऱ्यांना सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दोरी ओढून आमिष तपासलं.

तेव्हापासून मला खोड लागली आहे. संकष्टीला घरात चंद्रोदयाची वेळ बघतात, मी मनात तीन वाजता भरती मांडून ठेवतो. चंद्र तोच, उपास वेगळा. बँकेच्या रांगेत उभं असताना, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी शेंगा खाताना, आत्ता भाट्याला पाणी चढत असेल की उतरत असेल याचा हिशेब चालू असतो. स्टेशनवर गेलो तर फलाटाच्या टोकाची पिवळी पाटी वाचल्याशिवाय राहवत नाही. त्यावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, आपली साडेचारशे मीटरच्या आसपास. समुद्राचा काडीचा संबंध नसलेल्या गावालाही रेल्वेने समुद्रापासूनच मोजून ठेवलंय. मला बरं वाटतं.

या खोडीचा त्रास मात्र इतरांना होतो. गेल्या दिवाळीत वरच्या मजल्यावरचं कुटुंब गणपतीपुळ्याला निघालं, भाऊबीज उरकून. मी जिन्यात गाठून तारखांपुढे वेळा लिहिलेला कागद दिला. पाणी उतरायला लागलं की पाय ओढतं, तिथला किनारा पटकन खोल होतो, पोरांना आत सोडू नका. "काका, समुद्रालाही टाइमटेबल असतं होय?" म्हणून सगळे हसले. कागद त्यांनी गाडीच्या काचेपाशी ठेवला. आमच्याकडच्या माणसाला पाणी म्हणजे तलाव. काठ कुठे, खोल कुठे, एकदा कळलं की कळलं. काठच जागेवर राहत नाही हे कुणी सांगितलेलं नसतं. दर सुट्टीत पेपरात घाटावरून गेलेल्या कुणाची तरी बातमी असते, नावं वाचली की गाव आपल्यासारखंच.

संध्याकाळी इमारतीच्या ग्रुपवर फोटो आला. दोन्ही पोरं कमरेइतक्या पाण्यात, तोंड कॅमेऱ्याकडे, पाठ समुद्राकडे. वर वेळ पाच दहा. त्या दिवशी पांडवपंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पाणी उतरायला लागून तास उलटून गेला होता. फोटो मोठा करून मी पोरांच्या मागची लाट बघितली. खाली सगळ्यांचे अंगठे आणि बदाम पडत होते.

मी फोन लावला. "सगळे खोलीवर आलात ना?"

"हो काका, केव्हाच. का हो?"

"काही नाही," म्हटलं, "जेवून घ्या."