फुरशाची कात आणि आफ्रिकेतले भाऊबंद

नाशिकच्या आसपास द्राक्षबागेच्या बांधावर किंवा पंपघराच्या कोपऱ्यात कात सापडली की फोटो फिरू लागतो. विचारणा एकच, कुठला साप? कातीवर रंग फारसा उरत नाही, म्हणून अंदाज सुरू होतात. पण रंगापेक्षा भरवशाचे असतात खवले, आणि ते कातीवर जसेच्या तसे उतरलेले असतात.

कात कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, मग काळ्या कापडावर अलगद पसरा. ओढू नका. तशीही ती ताणलेलीच असते, त्यामुळे कातीच्या लांबीवरून सापाची लांबी ठरवली की ती जास्तच भरते. कात बहुधा मोज्यासारखी उलटी निघते. त्यामुळे खवल्यावरचा उभा कंगोरा खाचेसारखा दिसतो, आणि खडबडीत सापाला गुळगुळीत ठरवण्याची चूक होते ती इथेच.

आधी शेपटीची खालची बाजू बघा. घोणस आणि मांजऱ्या यांचे तिथले खवले जोडीजोडीने असतात, फुरशाचे एकेरी. एकेरी दिसले म्हणून लगेच फुरसे म्हणू नका, मण्यार आणि डुरक्या घोणस (नावात घोणस असली तरी हा बिनविषारी, वेगळाच साप) यांचेही एकेरीच असतात. मण्यारीच्या पाठीवर गुळगुळीत खवल्यांच्या साधारण १५ ओळी आणि मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची रांग. डुरक्याचे पोटाखालचे खवले अरुंद, पोटाची पूर्ण रुंदी न व्यापणारे. फुरशाच्या अंगाच्या मध्यावर कंगोरेदार खवल्यांच्या २५ ते ३९ ओळी भरतात. त्यातल्या कुशीवरच्या ४ ते ७ ओळी तिरप्या खाली वळलेल्या, आणि त्यांचे कंगोरे करवतीसारखे दातेरी. फुरसे वेटोळी एकमेकांवर घासून जो करकर आवाज काढतं, तो याच खवल्यांचा. आपल्याकडे ही खूण पुरेशी आहे.

आफ्रिकेत मात्र ती पुरत नाही, आणि वर्गीकरण का शिकायचं ते तिथे नीट कळतं. फुरशाची एकिस ही प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) पश्चिम आफ्रिकेपासून अरबस्तानमार्गे भारत-श्रीलंकेपर्यंत पसरलेली. आपलं फुरसे एकिस कॅरिनेटस, १८०१ मध्ये जर्मन निसर्गशास्त्रज्ञ श्नायडरने वर्णन केलेलं. आफ्रिकेत कुशीवर डोळ्यासारखे ठिपके असलेलं ओसेलेटस, पांढऱ्या पोटाचं ल्यूकोगॅस्टर, ईशान्येकडचं पिरॅमिडम अशा जाती आहेत. आपलं फुरसे पिल्लं देतं, आफ्रिकेतली भावंडं अंडी घालतात.

तिथेच डॅसीपेल्टिस नावाचे बिनविषारी, अंडी खाणारे साप आहेत. ठिपके फुरशासारखे, कुशीवर तसेच तिरपे दातेरी खवले, आणि घासून आवाजही तसाच! तोंडात दात नावापुरते. अंडं घशात गेल्यावर मणक्यांची खाली आलेली टोकं कवच फोडतात. फरक डोक्यावर आणि शेपटीखाली सापडतो: डोक्यावर मोठी ढालीसारखी खवलं, शेपटीखाली जोडीचे खवले. फुरशाचं डोकं बारीक, कंगोरेदार खवल्यांनी भरलेलं असतं.

मग मोठ्या ढाली म्हणजे बिनविषारी, असंही नाही. आफ्रिकेतलाच कॉझस, म्हणजे नाइट ॲडर, घोणस-फुरशाच्याच कुळातला विषारी साप. त्याच्या डोक्यावर ९ मोठ्या ढाली आणि डोळ्याची बाहुली गोल. इकडे आपल्या मांजऱ्याची बाहुली उभी, पण माणसाला तो धोक्याचा नाही. त्रिकोणी डोकं, उभी बाहुली, असले एका खुणेचे नियम मला म्हणूनच घातक वाटतात.

हे सगळं कातीसाठी. चावा झाल्यावर साप ओळखत बसू नका, मारून सोबत नेऊ नका. आपली सर्पदंशावरची लस (अँटिव्हेनम) नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांच्या विषावर मिळून बनते. चावलेला अवयव हलू न देता रुग्णालय गाठा, आवळपट्टी बांधू नका. (भारतीय विषापासून बनलेली लस घाना आणि चाडमध्ये वापरली तेव्हा मृत्यू वाढले, भाऊबंद असले तरी विष वेगळं.) फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं, म्हणून डॉक्टर २ मिलिलिटर रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग एकदाच तिरपी करून बघतात. नळी साध्या काचेची, नवी आणि कोरडी लागते. प्लास्टिकची किंवा डिटर्जंटने धुतलेली असेल तर निरोगी माणसाचं रक्तही त्यात वेळेत गोठेलच असं नाही.