दुतोंड्या मारुती आणि नववीचा वर्ग

गेल्या पावसाळ्यात, गंगापूर धरणातून पाणी सोडल्याच्या दुसऱ्या दिवशी, नववीतली मुले वर्गात शिरली ती एकच गोष्ट बोलत: ‘मॅडम, गंगेला महापूर आलाय, रात्री सगळ्यांच्या घरी व्हिडिओ आलाय.’ त्या दिवशीचा भूगोलाचा धडा मी बाजूला ठेवला आणि तोच व्हिडिओ वर्गातल्या पडद्यावर लावला.

नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि तिच्या पुराचे माप नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून काढतात. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की कमरेच्या वर चढले, एवढे कळले की पुराचा अंदाज येतो. म्हणून मी फक्त इतकेच विचारले, की यात मारुती कुठे आहे? मुलांनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा थांबवून पाहिला. मारुती नव्हता, रामकुंडाचा परिसर नव्हता, आणि अखेर मागच्या बाकावरच्या एका मुलीने कोपऱ्यातल्या दुकानाच्या पाटीकडे बोट दाखवले. त्या पाटीवरची गोलसर अक्षरे तेलुगू होती. तेवढे दृश्य आम्ही गूगल लेन्सने शोधले, तेव्हा ते काही वर्षांपूर्वीचे, आंध्रातल्या गोदाकाठचे निघाले. त्र्यंबकेश्वरला उगम पावून सुमारे १४६५ किलोमीटर वाहणारी ती हीच नदी. म्हणजे नदी खरी होती, पूरही खरा होता; गाव आणि वर्ष तेवढे चुकीचे होते, आणि अशी अर्धी खरी माहिती ओळखणे निव्वळ खोट्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

खोटे पकडून थांबणे मला पुरेसे वाटले नाही. इंटरनेटवर आपल्या पुराची विश्वासार्ह नोंद सापडत नसेल तर ती आपणच का करू नये, असे मी वर्गाला विचारले. पालकांना सोबत घेऊन, सुरक्षित अंतरावरून, दर रविवारी एकाच जागेवरून मारुतीचे छायाचित्र काढायचे आणि त्याखाली तारीख, वेळ व त्या दिवशीचा धरणाचा विसर्ग लिहायचा, असे ठरले. विसर्गाच्या निमित्ताने क्युसेकही समजला: एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर, हे मुलांनी फळ्यावर मांडले आणि वर्ग क्षणभर गप्प झाला. पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येने हे कधी साधले नव्हते.

खरी चर्चा रंगली ती छायाचित्रांवर. घाटावर स्नान करणाऱ्यांचे, दशक्रियेला बसलेल्या कुटुंबांचे चेहरे आपल्या चित्रात यावेत का? मुलांनीच नको म्हटले, आणि तशी चित्रे वगळली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे, हे सांगून मी पालकांची लेखी संमती घेतली आणि मुलांची नावे कुठेही दिली नाहीत. निवडक छायाचित्रे, इतरांनाही ठरलेल्या अटींवर वापरू देणाऱ्या क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावर चढवली. तो परवाना समजावताना ‘मग आपण प्रकल्पात चिकटवतो ती चित्रे कोणाची असतात?’ हा प्रश्न एका मुलाने आपणहून विचारला. त्यावर पुढचे दोन तास गेले, आणि ते मी आनंदाने जाऊ दिले.

ऑगस्टमधल्या एका रविवारी विसर्गाचा आकडा कोणालाच मिळाला नाही. आदल्या दिवशीचा आकडा लिहून रकाना भरता आला असता. नोंद ठेवणाऱ्या मुलीने तिथे ‘माहिती मिळाली नाही’ असे लिहिले आणि खाली छायाचित्राची वेळ नोंदवली: सकाळी ८.१०.