किल्ल्यात घर असण्याविषयी: तुम्ही विचारलंत म्हणून

‘किल्ल्यावर माणसं कशी काय राहतात?’ हा प्रश्न मी कॉलेजात गेल्यापासून ऐकत आलो आहे. ११ जुलै २०२५ रोजी पन्हाळा आणखी अकरा किल्ल्यांसोबत युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आणि तेव्हापासून त्याला जोडून दुसराही प्रश्न येऊ लागला: ‘मग आता तुम्ही खाली कधी उतरणार?’ विचारणाऱ्यांत कोल्हापूरचे नातेवाईक आहेत, पुण्याहून येणारे गडप्रेमी तरुण आहेत, माझ्या मुलीच्या सासरची माणसे आहेत. आजवर मी प्रत्येकाला निरनिराळे उत्तर दिले, कित्येकदा विषय बदलला आणि दोनदा तर चक्क भांडलो. एकदा सगळे नीट लिहून काढावे असे बरेच दिवस मनात होते.

सिद्दी जौहरचा वेढा, राजदिंडीची वाट, शिवा काशिद, बाजीप्रभू, कोंडाजी फर्जंदांचे साठ मावळे हे सारे तुम्हाला पाठ आहे, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. माझे दुःख एवढेच आहे की तुमच्या मनातला पन्हाळा तिथेच थांबतो. त्यानंतरही इथे चुली पेटत राहिल्या. महाराणी ताराबाईंनी इथून राज्य चालवले. कवी मोरोपंत १७२९ मध्ये इथे जन्मले आणि तरुणपण इथे घालवून मग बारामतीला गेले. १७८२ मध्ये राजधानी कोल्हापूरला हलली तेव्हा दरबार खाली उतरला, पण शिबंदी, कारकून, कारागीर, पुजारी आणि मुजावर मागेच राहिले. पुढे वंशपरंपरेने गड राखणाऱ्या गडकऱ्यांच्या हक्कांवर गदा येऊ लागली, तेव्हा १८४४ मध्ये आधी सामानगड आणि मग पन्हाळा बंड करून उठला. कंपनी सरकारचा कर्नल ओव्हान्स काही काळ इथे बंडवाल्यांच्या कैदेत होता. १ डिसेंबर १८४४ रोजी तोफांनी तट फोडून इंग्रजांची फौज आत शिरली आणि त्यानंतर पूर्वेकडचा चार दरवाजा पाडून टाकण्यात आला. आज तुमच्या गाड्या ज्या वाटेने गावात शिरतात ती त्या पाडलेल्या दरवाज्याची जागा आहे. आमच्या घरांना ‘अतिक्रमण’ म्हणताना निदान एवढे आठवावे, अशी माझी विनंती आहे. तो शब्द ऐकला की माझा आवाज चढतो आणि मग बोलणेच संपते.

खरे बोलायचे ठरवले आहे म्हणून हेही कबूल करतो की इथली सगळीच घरे गडकऱ्यांची नाहीत. तरुणपणी मी आमचे घराणे गडकऱ्यांचे असल्याचे छातीठोकपणे सांगत असे, पण तसा एकही कागद आमच्या घरात नाही. माझे आजोबा तालुक्याच्या कचेरीत नोकरीला लागले म्हणून वर आले. तहसील इथे, न्यायालय इथे, म्हणून वकिलांच्या आणि अर्जनविसांच्या मागोमाग खाणावळवाले आले. पुढे पर्यटक वाढले तसे ‘तीन दरवाजा’ या गडाच्या जुन्या प्रवेशद्वारापाशी झुणका-भाकरीच्या पाट्या घेऊन बायका बसू लागल्या. आमच्या गिरिस्थान नगरपरिषदेची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत तीन हजारांच्या थोडी वर होती, म्हणजे खालच्या कित्येक ग्रामपंचायती आमच्यापेक्षा मोठ्या आहेत. कोल्हापूर अवघे वीस किलोमीटर आहे. पण समुद्रसपाटीपासून सुमारे ९७७ मीटरवर वसलेल्या या गावात पिण्याचे पाणी कासारी नदीतून उपसून वर चढवावे लागते. वीज गेली की पाणी जाते, आणि पाऊस फार झाला की रस्त्याची काळजी लागते. रस्त्याविषयीच मला मुख्यतः लिहायचे आहे.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या अतिवृष्टीत चार दरवाज्याजवळच्या रस्त्याने पहिला इशारा दिला होता. २०२१ च्या जुलैमध्ये तो खचलाच. माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना आबा म्हणत असू, दोन दिवसांपासून धाप लागत होती. वय अठ्ठ्याहत्तर, त्यात करोनाची दुसरी लाट अजून पुरती ओसरलेली नव्हती, त्यामुळे घरातला प्रत्येक जण त्यांच्या श्वासाकडेच कान लावून होता. रात्रभर वीज नव्हती. कौलांवर पाऊस असा कोसळत होता की शेजारच्या खोलीतले बोलणे ऐकू येत नव्हते. पहाटे त्यांचे ओठ निळसर दिसू लागले तेव्हा मी गाडी काढायला बाहेर पडलो, आणि शेजारचे चाचा छत्रीही न घेता धावत येऊन म्हणाले, ‘गाडी काढू नका. रस्ता गेलाय.’ वाहनांसाठी गाव बंद झाले होते.

पडवीतली वेताची खुर्ची घेतली, तिला दोन्ही बाजूंनी बांबू बांधले, आबांना घोंगडीत गुंडाळून वर प्लास्टिकचा कागद टाकला आणि चौघांनी खांदे दिले. पुढे चाचांचा मुलगा आणि मी, मागे गल्लीतले दोन तरुण. खचलेल्या भागाच्या कडेने, तुटलेल्या डांबराशेजारून, निसरड्या मातीत पाऊल रोवत आम्ही निघालो. या डोंगराच्या माथ्यावर जांभा आहे, खाली काळा कातळ आहे, आणि मधल्या मऊ मातीत पाणी मुरले की ती सुटते, हे मी शाळेतल्या मुलांना अनेकदा समजावून सांगितले होते. त्या सकाळी ती माती माझ्या पायाखालून सरकत होती आणि मला फक्त खांद्यावरचे वजन कळत होते. आबा मधेच घोंगडीतून हात काढून म्हणाले, ‘न्हेऊ नको रं खाली. काय व्हायचं ते वरच होऊ दे.’ मी ऐकले नाही असे दाखवले. खरे तर मी स्पष्ट ऐकले होते.

पलीकडे रुग्णवाहिका मिळाली, पण कोल्हापूर गाठता येईना. रत्नागिरी रस्त्यावर पंचगंगेचे पाणी चढले होते. खालच्या एका लहान दवाखान्यात त्यांना ठेवले. तिथल्या डॉक्टरांनी जमेल तेवढे केले, आणि मोठ्या रुग्णालयात हलवायला हवे असे दिवसातून तीनदा सांगितले. पाणी ओसरण्याची वाट पाहत आम्ही बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी दुपारी आबा गेले.

यानंतरचा भाग मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. त्यांना वर नेता आले असते. गल्लीतली माणसे निरोप पाठवत होती की आम्ही येतो, जसे उतरवले तसेच चढवू. पाऊस चालूच होता, दरड पुन्हा सुटण्याची भीती होती आणि एका मृतदेहासाठी चार जिवंत माणसांना त्या कडेवरून चालवायला मी तयार झालो नाही. खालीच अग्नी दिला. ज्या माणसाने साठ वर्षे वरच मरायचे म्हणून सांगितले, त्याला मी खाली आणून खालीच संपवले. आईने त्या निर्णयाबद्दल मला कधी दोष दिला नाही, पण तिने त्याविषयी एक शब्दही उच्चारलेला नाही. तुम्ही सहज ‘खाली कधी उतरणार’ असे विचारता, तेव्हा मला पहिल्यांदा ती खुर्ची आठवते.

आता माझाच माझ्याशी असलेला वाद सांगतो. पंचविसाव्या वर्षी मी आबांना हेच विचारले होते, आणि तुमच्यापेक्षा कठोरपणे विचारले होते. मला शहरात नोकरी लागण्याची आशा होती, घर विकावे असे माझे म्हणणे होते, ‘दगडांच्या राखणीला आपण का बसायचे?’ हे माझे शब्द होते. पुढे नोकरी इथल्याच शाळेत लागली, आणि चाळिशीनंतर एका सभेत उभा राहून मीच ओरडून सांगितले की आम्हाला इथून कोणी हलवू शकत नाही. टाळ्या पडल्या. आज वाटते, त्या पंचवीस वर्षांच्या मुलाचे ऐकले असते तर आबा कदाचित एखाद्या चांगल्या रुग्णालयापासून दहा मिनिटांवर राहिले असते. मग लगेच वाटते, खाली उतरून तरी काय? त्याच दिवसांत कोल्हापुरातल्या कित्येक घरांत पुराचे पाणी शिरले होते. आणि पुन्हा वाटते, हा युक्तिवाद मी केवळ स्वतःचा बचाव म्हणून करतो आहे. या तिन्ही विचारांतला एकही मला सोडवत नाही.

वारसा यादीबद्दल मला आनंद झाला नाही असे समजू नका. निवड झाली त्या दिवशी तीन दरवाज्यापाशी जाऊन मी बराच वेळ उभा होतो आणि डोळे भरून आले होते. पण संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, हा २०१० मध्ये कायद्यात आलेला नियम आम्ही रोज जगतो. आमचे घर पहिल्या शंभर मीटरांत येते. दुरुस्तीलाही परवानगी लागते. तो नियम आवश्यक आहे हे मी मान्य करतो. तो नसता तर अंबरखान्याला, म्हणजे गडावरच्या जुन्या धान्यकोठारांना, खेटून हॉटेले उभी राहिली असती, हेही मी जाणतो. तरीही पावसाळ्यात स्वयंपाकघरात तीन ठिकाणी भांडी मांडावी लागतात तेव्हा माझ्या मनात नियमाविषयी चांगले विचार येत नाहीत. जगाने पाहावा असा हा किल्ला आहे, पण पाहणाऱ्यांनी त्यात राहणाऱ्या माणसांनाही मोजावे, एवढे मागणे मला जास्तीचे वाटत नाही.

यंदा जूनच्या पहिल्या आठवड्यात पत्नी आईला घेऊन मुलाकडे कोल्हापूरला गेली, ऑक्टोबरपर्यंत तिथेच राहणार आहे. तिने मला विचारले नाही, फक्त औषधांची पिशवी भरली. मी वर थांबलो. रस्ता आता पुन्हा बांधलेला आहे, भिंत पक्की दिसते; पाऊस रात्रभर लागून राहिला की मी सकाळी तिथवर चालत जाऊन ती बघून येतो. खुर्ची पडवीतच आहे आणि तिचे बांबू मी सोडलेले नाहीत. छपराच्या दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. परवानगी आली तर दिवाळीनंतर कौले बदलून घेईन. मुलगा म्हणतो, त्या पैशात खाली फ्लॅटची पहिली रक्कम भरता येईल. मी त्याला अजून उत्तर दिलेले नाही.